पाकीट लावलेलं वावर आणि न लावलेलं

बादलीत मूळ धुतलं, वर काढलं, पाहिलं. चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. सोयाबीनचं झाड देखणं होतं. मांडीपर्यंत उंच, पानं काळसर हिरवी, फुलं लागायला सुरुवात झालेली. मूळ मात्र नुकतीच दाढी केल्यासारखं साफ. गाठ म्हणून नाही.

"दुसरं उपटून पाहा ना साहेब," सिंधू म्हणाली.

"उपटायचं नसतं. मातीसकट खणायचं असतं. उपटलं की गाठी तुटून जमिनीतच राहतात," मी म्हणालो. हातात दाखवायला काही नसलं की मी शिकवायला लागतो, ही माझी नेहमीची सवय.

दुसरं खणलं. तिसरं खणलं. वावराच्या चारही कोपऱ्यांतून झाडं आणली. बादलीतलं पाणी चहासारखं झालं. शेवटी एका मुळावर मोहरीएवढी एक गाठ सापडली. मी ती नखानं फोडली. आतून पांढरी. म्हणजे कामाची नाही.

आणि थोड्याच वेळात याच वावराच्या कडेला मंडपात गावकरी जमणार होते, पुण्याहून आलेले मोठे साहेब येणार होते, आणि मी त्यांच्यासमोर झाड खणून गाठी दाखवणार होतो. कार्यक्रमाचं नावच 'शेतदिन' होतं. माझा दिवस काही फार बरा जाणार नाही, हे मला बादलीपाशीच कळलं.

मी हिंगोलीतल्या एका शेतीसल्ला केंद्रात काम करतो. माझा विषय जमिनीतले जिवाणू. लोकांना तो नीट सांगता येत नाही, म्हणून त्यांनी माझं नाव 'गाठीवाले साहेब' ठेवलंय. कुणाच्याही वावरात शिरून मुळं धुऊन पाहणाऱ्या माणसाला याहून चांगलं नाव मिळालं नसतं.

विषय तसा सोपा आहे. पिकाला नत्र लागतं. नत्र हवेत भरपूर असतं, पण पिकाला ते हवेतून घेता येत नाही. म्हणून आपण युरियाची पोती आणतो. सोयाबीन, तूर, हरभरा, मूग यांच्याकडे मात्र दुसरी सोय असते. मातीतले एका जातीचे जिवाणू त्यांच्या मुळात शिरतात. मूळ त्यांना राहायला गाठ बांधून देतं, खायला साखर देतं. जिवाणू हवेतलं नत्र पकडून झाडाला देतात. गाठ फोडल्यावर आतून गुलाबी दिसली, तर भाडेकरू इमानदार आहे असं समजायचं. हे जिवाणू काळ्या भुकटीच्या पाकिटात मिळतात. गुळाच्या पाण्यात कालवून बियाला चोळायचे, बी सावलीत वाळवायचं आणि लगेच पेरायचं. एवढंच. हे एवढंच सांगायला मला साधारण तासभर लागतो, असं माझे सहकारी म्हणतात.

सिंधू ही शिरड शहापूरजवळच्या एका गावातली सून. नवरा वसमतकडच्या साखर कारखान्यात पाळीवर जातो, त्यामुळे शेतातली धावपळ तिच्याकडे. शेताबद्दलचा शब्द मात्र सासऱ्याचा, म्हणजे किशनरावांचा. आमच्या एका मेळाव्यात तिनं माझं भाषण शेवटपर्यंत ऐकलं. अशी माणसं मी विसरत नाही, कारण ती फार नसतात. घरी जाऊन तिनं सासऱ्याला सांगितलं की यंदा सोयाबीनला युरिया द्यायचा नाही.

किशनराव भडकले. पण सून हट्टाची निघाली. शेवटी दोघांत करार झाला, तोही माझ्यासमोर, त्यांच्या आखाड्यावर. आखाडा म्हणजे आमच्याकडे शेतातला गोठा, खोली, झाड आणि चहा मिळण्याची जागा.

"यंदा युरिया न्हाई टाकीत," किशनराव म्हणाले. "फुलं लागल्यावर साहेबानं गाठी दाखवाव्या. दाखवल्या तर वढ्याकडचं वावर पुढच्या सालापासून हिचं. काय पेरायचं, काय टाकायचं, ही पाहील. न्हाई दाखवल्या तर दुसऱ्या दिशी मी युरियाचं पोतं फोडीन, आन् हिनं पुन्हा शेतीत बोलायचं न्हाई. बराबर हाये का?"

"बराबर हाये, मामा," सिंधू म्हणाली.

"बराबर आहे," मीही म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं.

मग मी जागा निवडली. प्रयोगाला दोन तुकडे लागतात. एकात पाकीट लावलेलं बी पेरायचं, दुसऱ्यात न लावलेलं, म्हणजे फरक दिसतो. न लावलेल्या तुकड्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. पाकिटाच्या तुकड्यासाठी मी डांबरी रस्त्याला लागून असलेलं वावर घेतलं. कारण सांगतो. बोर्ड गाडीतून दिसतो. मोठ्या साहेबांच्या बुटाला चिखल लागत नाही. मंडप टाकायला जागा आहे आणि फोटोत मागं विजेचा खांब येत नाही. मातीचा विचार मी केला नाही, असं नाही. माती काळी, भारी, सुंदर होती. फोटोत चांगली येणारी होती.

कंट्रोल मागच्या बाजूला, ओढ्याकडच्या वावरात ठेवला. तिथं दर साली सोयाबीनच असायचं. तिथं कुणी जाणार नव्हतं, म्हणून ते निवडलं. वावराचा इतिहास मी रीतसर विचारला. लिंबाखाली बाजेवर बसून किशनरावांना विचारलं, "या वावरात आधी कधी जिवाणूंचं पाकीट लावलं होतं का?" ते म्हणाले, "असली थेरं आमच्या वावरात कधी झाली न्हाईत." मी समाधानानं चहा संपवला.

तर आता बादलीपाशी बसून मी विचार केला, की ओढ्याकडेही गाठी नसतील. मग पावसाला दोष देता येईल. पावसाला दोष दिला तर कुणी चौकशी लावत नाही. मी खुरपं घेऊन ओढ्याकडे निघालो. सिंधू मागून आली.

तिथलं पीक रस्त्याकडच्या पिकापेक्षा उंचीनं थोडं कमी होतं. पहिलं झाड खणलं. माती झाडली, आणि माझ्या तोंडून एक शब्द गेला तो इथं लिहीत नाही. मुळावर गाठीच गाठी. ज्वारीच्या दाण्याएवढ्या टपोऱ्या. एक फोडली. आतून लालसर गुलाबी, एखाद्या पुस्तकात छापावी अशी.

"या तर लई हाईत साहेब," सिंधू आनंदानं म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं. "पण हितं तर आपण पाकीट लावलं न्हाई."

"नाही."

"आन् जिथं लावलं तिथं न्हाईत."

"नाहीत."

तिनं ते मूळ माझ्या हातातून घेतलं. मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी तोंडघशी पडलोय, पण माझ्यावर भरवसा ठेवलेल्या माणसाला सोबत घेऊन पडण्याची ही पहिलीच वेळ. मला मनापासून वाईट वाटलं. पाकिटानं गाठी येण्याऐवजी जातात, असा शोध मी गावाला जेवण देऊन जाहीर करणार होतो, आणि त्यात तिचं बोलणं कायमचं बंद होणार होतं.

मी आमच्या प्रमुखांना फोन लावला. जाधव सर मोठ्या साहेबांना घेऊन निघाले होते आणि औंढ्याला दर्शनासाठी थांबले होते.

"सगळं तयार?" सर म्हणाले.

"सर, एक छोटा प्रॉब्लेम आहे."

"मंडप पडला?"

"मंडप ठीक आहे. गाठी नाहीत."

"कुठं नाहीत?"

"पाकीट लावलेल्या प्लॉटमध्ये. कंट्रोलमध्ये आहेत. भरपूर आहेत."

पलीकडे फक्त देवळातली घंटा ऐकू आली.

"नीट खणलं का?"

"सर, मी पगार खणायचाच घेतो."

"मग एक काम करा. बोर्ड बदला."

"काय?"

"बोर्ड हो. इकडचा तिकडं लावा, तिकडचा इकडं. साहेबांना ओढ्याकडं न्या आणि तिथल्या गाठी दाखवा. चिखल असू द्या, मी बघतो. पिकाला काय कळतंय?"

'मी ठामपणे नकार दिला' असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी "बरं सर" म्हणालो.

कंट्रोलचा बोर्ड लोखंडी चौकटीवर होता. पावसानं जमीन मऊ झालेली, त्यामुळे तो सहज निघाला. तो खांद्यावर घेऊन मी धुऱ्यानं रस्त्याकडे चालू लागलो. धुरा म्हणजे बांध. काळी माती बुटांना चिकटत होती आणि दर पावलाला माझी उंची वाढत होती. बोर्डावर खाली 'मार्गदर्शक' म्हणून माझंच नाव ठळक छापलेलं होतं.

"साहेब, थांबा," सिंधू म्हणाली. "तुमी बोर्ड बदलून राहिले का?"

"तुझ्याचसाठी," मी म्हणालो. अर्धं खोटं होतं. "गाठी दिसतील, वावर तुला मिळेल."

"मिळंल. पण पुढच्या साली मी त्यात काय करू? पाकीट लावू का नको लावू? हितं काहून आल्या न् तिथं काहून न्हाई आल्या, हे मला कोण सांगील? वावर घेऊन मी काय बोर्ड पेरू का?"

मी बोर्ड एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. तेवढ्यात समोरून किशनराव आले. मागं गावातले पाच-सहा जण.

"साहेब, बोर्ड घेऊन कुठं चालले?"

"तिकडं... ऊन लागत होतं."

"बोर्डाला?"

मागचे लोक हसले. तेव्हा मला आठवलं की हे सगळे पेरणीच्या दिवशी इथंच होते. पाकीट कुठल्या वावरात लावतोय, हे मीच त्यांना माईकवरून सांगितलं होतं, तेही पुन्हा पुन्हा. बोर्ड बदलून मी फक्त मोठ्या साहेबांना फसवू शकलो असतो. गावाला फसवायला मला आधी कमी बोलायला हवं होतं. मी बोर्ड खाली ठेवला आणि बांधावर बसलो.

"सापडल्या का गाठी?" किशनरावांनी विचारलं.

"रस्त्याकडच्या वावरात नाहीत."

"मला ठावं व्हतं." ते खूश झाले. "पण साहेब, पीक मात्र काळंभोर हाये. त्या वावराला काही कमीच न्हाई. गेल्या साली यातल्या हळदीचे गड्डे पाहिले व्हते ना तुमी?"

पाहिले होते. नुसते पाहिले नव्हते. त्या हळदीची पावडर उन्हाळ्यापासून माझ्या घरच्या मिसळणाच्या डब्यात होती. रोजच्या वरणातून मी त्या वावराचा इतिहास खात होतो आणि मला जागा निवडताना तो आठवला नाही.

हळदीला आमच्याकडे कुणी हात आखडून खत देत नाही. शेणखत, डीएपी, युरिया, सगळं दाबून देतात. पीक काढून नेलं तरी बरंच जमिनीत उरतं. आणि झाड मोठं हिशेबी असतं. मातीत आयतं नत्र मिळालं तर ते जिवाणूंना साखर घालून कशाला पोसेल? घरात डबे भरलेले असताना कुणी भाडेकरू ठेवत नाही. माझे जिवाणू बियासोबत गेले खरे, पण झाडानं त्यांना दार उघडलं नव्हतं. केंद्रात शिकायला येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मी हेच शिकवतो, आणि उत्तर चुकलं तर रागावतो.

मोठे साहेब आले तेव्हा मी बुटांचा चिखलही काढला नव्हता. जाधव सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बोर्डाकडे, मग आभाळाकडे. मी माईक घेतला आणि सगळ्यांसमोर दोन्हीकडची झाडं खणून दाखवली. एक साफ मूळ, एक गाठींचं मूळ. हळदीचं सांगितलं. जागा मी रस्ता पाहून निवडली, हेही सांगितलं. लोक मनापासून हसले. माझ्या कुठल्याच भाषणाला एवढी दाद मिळालेली नाही.

"मग तुमच्या पाकिटाचं काय सिद्ध झालं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"या वावरात काहीच नाही, सर."

"आणि ओढ्याकडच्या गाठी?"

"त्याच मला कळत नाहीत. सोयाबीन आपल्याकडचं मूळ पीक नाही, त्याचे खास जिवाणूही आपल्या मातीत असे मुबलक नसतात. कुणीतरी ते कधीतरी टाकलेले असणार. पण किशनराव सांगतात, तिथं पाकीट कधी लागलंच नाही."

"कधीच न्हाई," किशनराव छाती काढून म्हणाले.

मंडपाच्या कडेला बायका बसल्या होत्या. त्यांत किशनरावांची बायको गयाबाई होती. ती पदर सारखा करत म्हणाली, "लागलं व्हतं की."

किशनराव वळले. "कवा?"

"लई सालं झाली. हिंगोलीहून एक साहेब आला व्हता, बायकांचा कार्यक्रम व्हता. काळी भुकटी वाटली. गुळाच्या पाण्यात कालवा म्हणला, बियाला चोळा म्हणला, सावलीत वाळवा म्हणला. मी तसं केलं. पुढच्या सालीबी आणली व्हती."

"कोणता साहेब?" जाधव सरांनी विचारलं.

"नाव न्हाई ध्यानात. लई बोलायचा. जेवायची येळ टळली तरी सोडंना."

सगळा मंडप माझ्याकडे पाहू लागला. मी कुठलं वर्ष ते विचारलं नाही.

"मला काहून न्हाई सांगितलं?" किशनराव म्हणाले.

"तुमी कवा ईचारलं? दर साली तिफण जुंपायची येळ आली की तुमी ईचारता, बी तयार हाये का. मी म्हणते, हाये."

पेरणीच्या तिफणीवर पुरुष असतो आणि बी घरात बाया तयार करतात, हे मराठवाड्यात शेंबड्या पोराला माहीत आहे. बियाला काय चोळलं, हे मी मात्र तिफण धरणाऱ्याला विचारलं होतं. गयाबाई तेव्हा तिथंच होती. मला चहा तिनंच आणून दिला होता.

किशनराव उठले आणि ओढ्याकडे चालू लागले. कुणाला काय करावं कळेना. सिंधूनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. आम्ही दोघं मागून गेलो. मोठे साहेबही आले, नवे बूट घालून, थेट चिखलात.

किशनरावांनी स्वतः झाड खणलं, उपटलं नाही. एक गाठ अंगठ्याच्या नखानं फोडली आणि तो गुलाबी डाग बराच वेळ पाहत राहिले.

"साहेब, मी ह्या वावरात दर साली युरिया टाकायचो. तवा कवा असल्या गाठी न्हाई दिसल्या."

"दिसणार नाहीत. जिवाणू मातीत होतेच, पण युरिया मिळाला की झाड त्यांना फारसं विचारत नाही. यंदा सिंधूनं युरिया थांबवला, म्हणून त्यांना काम मिळालं."

"म्हंजे सासूनं आणून ठेवले आन् सुनंनं कामाला लावले."

"हो."

"आन् रस्त्याकडच्या वावराला आता युरिया लागंल का?"

"यंदा नाही. तिथं तुमच्या हळदीचंच उरलेलं पुरेल."

"म्हंजे दोन्हीकडं ही म्हणली तेच."

"तेच," मी म्हणालो, आणि नेमकं तिथंच थांबलो. मला ते कसं जमलं, ठाऊक नाही.

किशनरावांनी हात धोतराला पुसले. "सिंधू, वढ्याकडचं वावर तुझं. तू आन् तुझी सासू काय ते पाहा. मला तेवढं सांगत जा, बियाला काय लावलं ते."

"सांगत जाईन, मामा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मला सर्दी झाली आहे असं मी जाधव सरांना सांगितलं.

मोठ्या साहेबांना सोडून परतताना सरांनी गाडीची काच वर केली. मग म्हणाले, "तुम्हाला बोर्ड बदलायला सांगितलं होतं."

"बदलत होतो सर. चिखलात अडकलो."

पुढच्या बैठकीत सरांनी एक सूचना काढली. यापुढे प्रयोगाची जागा निवडताना घरातल्या बायकांनाही विचारायचं आणि मागचं पीक पाहायचं. सूचना सरांच्या नावानं निघाली आणि तिच्यासोबत उदाहरण म्हणून माझा फोटो लागला, खांद्यावर बोर्ड घेतलेला. तो कुणी काढला, मला अजून कळलेलं नाही.

सिंधूनं पुढच्या खरिपात विचारलं, ओढ्याकडे पाकीट लावू का. मी म्हणालो, तिथं यंदा नाही लावलं तरी चालेल, जिवाणू भरपूर आहेत. पाकिटाचा प्रचार करण्यासाठी नेमलेल्या माणसानं हे सांगणं नियमात बसतं की नाही, मी पाहिलेलं नाही. तिनं तूर मात्र नव्या जागी घेतली आणि तिला तुरीचं वेगळं पाकीट लावलं, कारण सोयाबीनचे जिवाणू तुरीच्या उपयोगाचे नसतात. हे मी तिला थोडक्यात सांगितलं. गयाबाईंनी मध्येच जेवायला बोलावलं, म्हणून थोडक्यात झालं.

परवा त्या बाजूला गेलो होतो. किशनराव आखाड्यावर बसले होते. करारासाठी आणून ठेवलेलं युरियाचं पोतं कुणी फोडलंच नव्हतं. दोन पावसाळ्यांची ओल लागून ते दगडासारखं घट्ट झालंय. किशनरावांनी ते लिंबाखाली ओढून घेतलंय आणि आता त्यावर बसून चहा पितात.

"या साहेब, बसा," ते म्हणाले आणि मला जागा करून देत जरा सरकले.